दोन किल्ल्यांचं कुलूप

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि दर वर्षी तिथं हिवताप यायचा. त्यावर औषध होतं, एक जालीम अर्क. थेंबभर पोटात गेला तर माणूस उठून बसायचा, जरा जास्त झाला तर पुन्हा उठायचाच नाही. एकदा तशी चूक झाली आणि गाव हादरलं. मग गावानं अर्काची कुपी पेटीत घातली आणि एका हिकमती लोहारणीकडून पेटीला कुलूप करून घेतलं.

कुलूप मोठं चमत्कारिक. त्याला दोन किल्ल्या लागत. एक किल्ली नदीपल्याडचे गुरुजी देत, ज्याला वैद्यकी येते त्यालाच. दुसरी गावचे पंच देत, जो गावात राहून गावचा झाला त्यालाच. गुरुजींना गाव ठाऊक नाही, पंचांना औषध ठाऊक नाही, आणि ते एकमेकांना विचारायलाही जात नसत. किल्ली ओतताना माणसाच्या अंगठ्याचा ठसा तिच्यात उतरवत. दोन्ही किल्ल्यांवर ठसा एकाच माणसाचा असेल तरच कुलूप उघडायचं.

अशा दोन्ही किल्ल्या गावात एकाच बाईकडे होत्या. ती वैद्यबाई चंद्राक्का.

त्याच गावात एक माळी होता. पंचांची किल्ली त्याच्याकडेही होती आणि तिचा त्याला भारी तोरा. चंद्राक्काच्या कोंबड्यांनी एकदा त्याची मेथी उकरली, त्यावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

एके दिवशी माळ्याच्या लेकीला, मैनेला, ताप चढला. अंग भाजत होतं, पोर बरळायला लागली.

"अहो, चंद्राक्काला बोलवा ना," बायको काकुळतीला आली.

"त्या बाईची पायरी? मी नाही चढणार!"

देवळात एक फिरस्ता वैद्य उतरला होता. तो त्याच गुरुजींचा शिष्य, किल्लीही त्याच्याकडे होती. माळी खूश झाला. "एक किल्ली तुमची, एक माझी. ठशाचं कुलपाला काय कळतंय! झालं की काम!"

वैद्य भला माणूस. पोरीचे हाल ऐकून लगेच निघाला. दोघांनी किल्ल्या लावल्या, पिळल्या. कुलूप ढिम्म. माळ्यानं त्याला तेल घातलं, मग शिव्याही घातल्या. तरी ढिम्म.

माळी धावत पंचांकडे गेला. "या वैद्यबुवांना आत्ताच्या आत्ता गावची किल्ली द्या."

"ते गावचे कुठं आहेत?"

"पण गुरुजींनी दिलीय की त्यांना!"

"गुरुजींनी त्यांचं पाहिलं. आम्ही आमचं पाहू," पंच म्हणाले.

माळ्यानं परत येऊन पेटीवर कुऱ्हाड उचलली. वैद्यानं त्याचा हात धरला. "अहो, घाव बसला की कुपी फुटेल. मग कुणालाच काही उरणार नाही."

तेवढ्यात बायको रडत आली. मैना बरळायचीही थांबली होती. कुऱ्हाड तिथंच टाकून माळी चंद्राक्काच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आक्का, पोर चाललीय माझी. चल गं!"

"आधी का नाही आलास, मेल्या?" असं म्हणेपर्यंत आक्का किल्ल्या घेऊन बाहेर पडलीसुद्धा.

कुलूप खट्कन उघडलं. पण घरी येऊन आक्कानं कुपी बाजूला ठेवली आणि विचारलं, "डोंगरमुळीचा काढा पाजलात का हिला?"

"हो, सकाळीच. तापात आपल्याकडे सगळेच पाजतात," माळ्यानं सांगितलं.

फिरस्त्या वैद्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काढा? अहो, त्यावर हा अर्क म्हणजे विष! मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं असतं हे मला काय ठाऊक?" माळी म्हणाला.

आक्कानं पोरीला मीठपाणी पाजून काढा ओकून काढायला लावला. पोट निवेपर्यंत ती उशाशी बसून राहिली आणि मगच तिनं अर्काचा थेंब जिभेवर सोडला. सकाळी मैनेनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. माळी ढसाढसा रडला.

"आक्का," तो डोळे पुसत म्हणाला, "आमच्या किल्ल्यांनी ते कुलूप उघडलं असतं तर?"

"तर या वेळी सगळं गाव तुझ्या अंगणात जमलं असतं," आक्का म्हणाली, "आणि ते विष पोरीपर्यंत आणणारा हात तुझाच असता."

तात्पर्य एवढंच: एकाचं ज्ञान आणि दुसऱ्याची आपुलकी शेजारी ठेवली म्हणून भरवसा तयार होत नाही, दोन्ही एकाच माणसात असावं लागतं. आणि असं माणूस गावात असेल, तर त्याच्याशी अबोला धरू नये.