बिनतळाची घरटी

कुरणावर एका हत्तीचं राज्य होतं, त्या काळची गोष्ट. त्या वर्षी गवत कमी उगवलं. चरायलाही तेच हवं आणि बांधायलाही तेच. कशाला किती द्यायचं, हे ठरवण्यासाठी हत्तीने सुगरण पक्ष्यांना बोलावलं. बांधकामातलं त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

नर पुढे झाले. "महाराज, बाभळीवर नवी घरटी बांधू. लांबून दिसतील. राज्याचं नाव होईल."

मागे बसलेली एक मादी म्हणाली, "आणि आधीची? सगळी अर्ध्यावर सोडलीत. त्यांना तळच नाही. मी अंडी कुठे घालू, तुमच्या नावावर?"

नर चिडले. "अर्धं काम पुरं करण्यात काय मोठं? ते बघायला कोण येणार?"

तेवढ्यात वारा सुटला. अर्धवट घरटी भिरभिरू लागली. एकच घरटं संथ लोंबत होतं आणि आतून पिल्लांचा चिवचिवाट येत होता.

हत्तीने तिकडे सोंड केली. "हे कोणी बांधलं?"

"मी!" सगळे नर एकदम ओरडले.

हत्ती हसला. "मग बाकीचीही अशीच पुरी करा. उरलेलं गवत हरणं खातील."