पैलवान नाचले तो माळा

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा पशुपक्षी बोलत असत आणि माणसं, आत्तासारखीच, क्वचित ऐकत असत.

एका राज्यात एक स्थपती होता. राजासाठी त्याने धान्याचं कोठार बांधलं. खाली खोली, वर तुळयांवर चुना-खडी ओतून केलेला ऐसपैस माळा. दरबारासमोर त्याने माळ्यावर पैलवान नाचवले. माळा तसूभरही हलला नाही.

“पाहिलंत, महाराज? धान्यच काय, डोंगर ठेवा!”

राजा खूश झाला. वर पोती रचली गेली. खालची खोली स्थपतीला राहायला मिळाली. खोलीला दार एकच.

वर्षं गेली. एकदा दारावरच्या फटीतली पाल म्हणाली, “दादा, पूर्वी मी इथे लोळायचे. आता पोट घासतं.”

“खाणं कमी कर!” स्थपती खो खो हसला.

त्याची बायको हसली नाही. “अहो, दारही हल्ली कुरकुरतं.”

“कुरकुरायला तूही कमी नाहीस. तेल घाल त्याला.”

तिने तेल घातलं. दार आणखीच अडायला लागलं.

एका सकाळी स्थपती नदीवरून परतला, तर दार उघडेना. खांदा लावला, लाथ मारली. वरची तुळई थेट चौकटीवर टेकली होती. आणि बायको आत!

“अहो,” आतून दबका आवाज आला, “माळा वाकतोय. तुमच्या पाया पडायचं असेल त्याला.”

बाहेरच्या जिन्याने स्थपती वर धावला. पोती तीच, तिथेच. पण माळा मधोमध परातीसारखा खोलगट झालेला!

“एक दाणाही वाढवला नाही मी!” तो किंचाळला. “पैलवानांनी हलला नव्हता हा!”

“पैलवान नाचून घरी गेले, दादा,” भिंतीवरून पाल म्हणाली. “पोती गेली नाहीत. दाणे वाढले नाहीत, दिवस वाढले.”

सारं गाव धावून आलं. पोती उतरवली, कुऱ्हाडीने दार फोडलं. बायको धुळीने माखलेली, पण जिवंत बाहेर आली. स्थपतीने वर पाहिलं आणि पुन्हा हादरला. ओझं उतरलं, तरी माळा जेमतेम बोटभर वर आला होता. बाकीचा बाक तसाच राहिला, कायमचा.

राजाने ते कोठार त्याच्याच हातून पाडून घेतलं. नवं कोठार बांधताना स्थपतीने माळ्याला जाड तुळया घातल्या, पुढे वाकणार हे धरून मधोमध वर थोडा फुगवटा दिला आणि दारावर वीतभर जागा मोकळी सोडली.

“पैलवान बोलवायचे ना?” राजाने विचारलं.

“नको, महाराज,” स्थपती हात जोडून म्हणाला. “पोती ठेवा, आणि दहा वर्षांनी विचारा.”

म्हणून शहाण्याने ओझं किती, एवढंच मोजू नये; ते किती काळ वाहायचं आहे, हेही मोजावं.