मिरचीचं गिऱ्हाईक

फार पूर्वी मिरची गुळासारखी गोड होती म्हणतात. खारूताई रोज येऊन मिरच्या बियांसकट चावून फस्त करायची. एकही बी उगवेना. वंश बुडायची वेळ आली, तेव्हा मिरचीने अंगात जाळ भरून घेतला.

खारूताई तोंड धरून पळाली. "बस आता एकटी! तुझ्याकडे कोणी फिरकणार नाही!"

मिरची घाबरली. आता बी लांब नेणार कोण? तेवढ्यात बुलबुल आला आणि त्याने चार मिरच्या अख्ख्या गिळल्या.

"अरे, झोंबलं नाही?"

"झोंबणं म्हणजे काय गं, मावशी? आम्हा पाखरांना ते कळतच नाही."

बुलबुलाला दात कुठले? त्याच्या विष्ठेतून बिया सबंध पडल्या आणि ओढ्यापलीकडे रोपं तरारली.

खारूताईने टोमणा मारलाच, "एवढं एकच गिऱ्हाईक?"

मिरची हसली. "एकच गं, पण माल घरपोच करतं!"