सहाशे खापऱ्या

एक होतं गाव, आणि त्या गावात राजाच नव्हता. आता म्हणाल, राजा नाही तर गोष्ट कसली? ओवी, आधी पांघरूण वर घे, मग सांगते.

गाव होतं ग्रीस देशात, समुद्राच्या काठी. नाव त्याचं किरोना. पुस्तकात शोधू नका, सापडायचं नाही, हे माझ्या गोष्टीतलं गाव आहे. तर तिथल्या लोकांना राजा नको होता. सगळे पुरुष चौकात जमायचे, हात वर करायचे आणि गावाचा कारभार ठरवायचे. बायकांना विचारत नसत, बरं का. का विचारत नसत ते मला नका विचारू, माझं डोकं फिरतं.

त्या गावात दोन मित्र राहायचे, शेजारी-शेजारी. एक निकान्दर आणि एक थेऑन. थेऑन कुंभार होता. आणि निकान्दर? तो भारी हुशार. दगडाकडे बघून सांगायचा, हा कुठे फुटेल. त्याची बायको लवकर गेली होती. घरात तो, त्याची बहीण आणि सहा वर्षांची मुलगी मेलिता. मेलितावर त्याचा इतका जीव, की कामावर जाताना तिला खांद्यावर बसवून न्यायचा.

मग काय झालं, निकान्दरने गावासाठी तीन कामं केली. पहिलं काम, त्याने डोंगर पोखरून बोगदा काढला आणि पलीकडच्या झऱ्याचं पाणी थेट चौकात आणलं. दुसरं काम, समुद्रात दगड टाकून लांबलचक धक्का बांधला. तिसरं काम, डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचं उघडं नाट्यगृह बांधलं. तिथे खाली कुणी हळूच बोललं, तरी शेवटच्या पायरीवर नीट ऐकू यायचं.

गाव खूश झालं. अगदी खूश. पण विहंग, लोक खूश असले तरी आतून कुरकुरतात, हे लक्षात ठेव.

पूर्वी बायका डोंगर चढून पाणी आणायच्या. वाटेत पाय घसरायचा, घागर फुटायची, आणि थेऑनकडे नवी घागर घ्यायला यावं लागायचं. आता पाणी दारात! घागरी फुटेनात. थेऑनचं चाक नुसतं पडून राहिलं. धक्का झाला, तशी जहाजं सरळ काठाला लागायला लागली, आणि होडीतून माल उतरवणारा म्हातारा नावाडी बसून राहिला. आणि नाट्यगृहाचं तर विचारूच नका. गावात एक मोठा गवई होता. इतकी वर्षं तो चौकाच्या गोंगाटात गायचा, लोक वा वा म्हणायचे. नव्या नाट्यगृहात पहिल्यांदा गायला, आणि साऱ्या गावाला कळलं, की बुवा बेसूर आहेत.

निकान्दरचंही थोडं चुकायचं, खोटं कशाला बोलू. चौकातल्या पाण्याजवळ उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हे मी केलं बरं का." एकदा सांगितलं, ठीक. रोज कुणी ऐकून घेतं का?

आता त्या लोकांची एक रीत होती. दरवर्षी एका दिवशी सगळे चौकात यायचे. फुटक्या मडक्याचा तुकडा, म्हणजे खापरी घ्यायची. खिळ्याने तिच्यावर एक नाव कोरायचं, कुणाला न दाखवता. जो माणूस फार मोठा होतोय, उद्या आपल्या डोक्यावर राजा होऊन बसेल असं वाटतं, त्याचं नाव. सहाशे खापऱ्यांवर एकाचंच नाव आलं, की त्याने दहा दिवसांत गाव सोडायचं. किती वर्षांसाठी? दहा. घराला, शेताला हात लावत नसत. गुन्हाही काही लागत नसे. नुसतं जायचं.

त्या वर्षी खापऱ्या आल्या थेऑनच्याच अंगणातून. त्याने स्वतःसाठी एक घेतली आणि विचार केला, "निकान्दर काही जात नाही. अख्खं गाव त्याच्या बाजूचं आहे. आपली एक खापरी पडली तर तेवढाच जरा जमिनीवर येईल." आणि त्याने मित्राचं नाव कोरलं. नावाड्याने तोच विचार केला. गवयानेही तोच केला. आपल्या एकट्याच्या खापरीने काय होणार, असं ज्याला-त्याला वाटलं. अशी सगळी शहाणी माणसं.

मोजणी सुरू झाली. निकान्दर थेऑनच्या शेजारीच उभा होता. हसत म्हणाला, "काय रे, तू कुणाचं लिहिलंस?"

थेऑन म्हणाला, "आहे एकाचं. तुला काय करायचंय?"

पाचशे अठ्ठ्याण्णव झाल्या. पाचशे नव्याण्णव. आणि मग एक आली. सहाशे. सहाशेच्या वर एकही नाही. कळलं ना? एक कमी पडली असती, तर निकान्दर घरी जाऊन जेवला असता.

थेऑनने तोंड उघडलं. माझी परत द्या, असं म्हणणार होता. पण लोक काय म्हणतील? त्याने तोंड मिटलं.

मग दहा दिवस निकान्दर सामान बांधत होता. थेऑन रोज मदतीला जायचा. रोज ठरवायचा, आज सांगू. रोज दोरी बांधून परत यायचा.

मग जहाज निघायचा दिवस आला. धक्क्यावर निकान्दरने त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "पोरीची छाती नाजूक आहे, समुद्राचा वारा सोसायचा नाही तिला. आत्यापाशी राहील. पण लक्ष तू ठेव. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही रे मला आता." तेव्हा तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं. जहाज गेलं.

थेऑनने लक्ष ठेवलं. खरंच ठेवलं. मेलिता तापली की रात्रभर बसायचा. तिला चिकणमातीचे घोडे करून द्यायचा. पण पोर विचारायची, "काका, बाबांचं नाव कुणी लिहिलं?" तो म्हणायचा, "लोकांनी." पोर म्हणायची, "लोक म्हणजे कोण?" मग तो मातीच मळत बसायचा.

तिकडे चौकात पाणी वाहत होतं. गावाला रोज चुटपुट लागायची. बोलवायचं म्हटलं, तर रीत आडवी यायची. दहा म्हणजे दहा.

शेवटी भरली दहा वर्षं. जहाज आलं. सगळं गाव धक्क्यावर. निकान्दर उतरला, केस पांढरे झालेले. तो लोकांच्या कमरेपाशी बघायला लागला. इकडे बघ, तिकडे बघ. म्हणाला, "माझ्या मुलीला आणलं नाही का कुणी?"

समोर सोळा वर्षांची मुलगी उभी होती. ती म्हणाली, "बाबा."

त्याला कळायलाच वेळ लागला. मग तो तिथेच दगडावर बसला. डोंगर फोडून पाणी आणलं होतं त्याने, पण ही दहा वर्षं कुठून आणणार होता? अजून मला हे सांगताना गलबलून येतं.

मग एकेक जण जवळ यायला लागला. नावाडी म्हणाला, "मी नाही हो लिहिलं." गवई म्हणाला, "देवाशपथ, मी नाही." मागचा म्हणाला, "मी तर नाहीच नाही."

निकान्दरने मान वर केली. "मग सहाशे खापऱ्या काय कावळ्यांनी लिहिल्या?"

तेव्हा थेऑन पुढे आला. म्हणाला, "त्यातली एक माझी."

निकान्दर म्हणाला, "दहा वर्षं मी रोज एकेकाचं नाव घेऊन बघायचो. हा असेल का, तो असेल का. सगळ्या गावावर संशय घेऊन झाला माझा. तुझं नाव कधी घेतलं नाही." आणि मुलीचा हात धरून तो घरी गेला.

पुढच्या वर्षापासून गावाने ती रीत मोडली. उशिराच शहाणपण आलं.

माफ केलं का त्याने थेऑनला? केलं म्हटलं तर तुम्हाला छान झोप लागेल, पण मी उगाच काहीतरी सांगायची नाही. पहिलं वर्षभर निकान्दर दारावरून जायचा, तो मान वळवून. मेलितासुद्धा अंगणात आली नाही. दुसऱ्या वर्षी तो मान न वळवता जायला लागला. आणि तिसऱ्या वर्षी एक दिवस तो जाता-जाता थांबला आणि म्हणाला, "थेऑन, ऊन फार आहे आज."

थेऑन म्हणाला, "हो ना." आणि घरात जाऊन पोटभर रडला.

एवढंच मिळालं त्याला. पण तेवढ्यावर तो उरलेलं आयुष्य सुखाने जगला. ती माणसं तिकडे नीट नांदली, तुम्ही इकडे डोळे मिटा. आणि विहंग, तुझं कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर सकाळी उठल्या-उठल्या सांगून टाक. झोप आता.