वणव्याचा खेळ

त्या राज्यात डोळ्यांपेक्षा पडद्यावर भरवसा जास्त होता. नदीकाठी स्वतः पाहिलेलं लोक सकाळपर्यंत विसरत; संध्याकाळी पडद्यावर पाहिलेली सावली मात्र पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवत.

मुंगूसशेठ हे हेरूनच मोठा झाला. कुठले कुठले जुने सावल्यांचे खेळ त्याने कातडी बाहुल्यांसकट पेटाऱ्यांत भरून आणले. सुगीला धान्य घातलं की वर्षभर हवा तो खेळ, हव्या त्या कुरणात. एकदा सवय लागली की गिऱ्हाईक धान्य घालताना हात आखडत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बिळांसमोर बसून बसून कळलं होतं.

सगळ्यांत लाडका खेळ वणव्याचा. थोरल्या वानराने तो रचला. तो गेल्यावर त्याचा नातू त्यातल्या बाहुल्या नाचवी. मोराचा नाच आला की म्हातारी हरणं डोळे पुसत. मग काटकुळ्या पायांची, वाकड्या चोचीची टिटवी येई, 'जळा, जळा' म्हणून किंचाळे, आणि रान पेटे. सगळं कुरण हसून लोळे. दुसऱ्या दिवशी पाण्यावर जाताना म्हशींना वाळूत टिटवीची अंडी दिसली की त्या ती तुडवून पुढे जात. रागाने नव्हे हो. दारातला निखारा विझवावा तसं, खबरदारी म्हणून.

खरं तर टिटवी ओरडे ती धूर दिसला म्हणून. उघड्यावर राहणाऱ्याला तो आधी दिसतो, एवढंच.

एका उन्हाळ्यात ती शेठच्या वखारीत येऊन उभी राहिली.

"शेठ, तो खेळ थांबवा. पुन्हा अंडी घालायची वेळ आली माझी."

"अगं बाई, खेळ जुना आहे. त्या काळी असंच चालायचं."

"काळ गेला असेल. तुडवणारे पाय आजचेच आहेत ना?"

शेठ माणुसकीचा होता, म्हणजे मुंगुसाला जमेल तितका. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि कातडं कुरतडण्यात तरबेज असलेल्या उंदराला बोलावलं. उंदराने टिटवीचे प्रसंग इतक्या सफाईने काढले की शिवण दिसेना. शेठ खूश झाला. पण डागाची घडी आत वळवून कापडाचं ठाण विकणाऱ्याला एक दिवस ते उलगडून दाखवावंच लागतं. खेळ सुरू झाला, टिटवी यायची ती जागा आली, आणि ज्यांना सगळं पाठ होतं त्यांनी एका सुरात 'जळा, जळा' असा गलका केला. बाहुली एकटी किंचाळायची. आता कुरण किंचाळलं. त्या वर्षीची अंडी गेली.

मग शेठने पेटाऱ्यालाच कुलूप घातलं. तर ससे भिंतीवर कानांच्या सावल्या पाडून चोरून तोच खेळ करू लागले आणि तो आणखीच बीभत्स झाला. वर, टिटवी कुठे गाऱ्हाणं घेऊन गेली की तिलाच उलट ऐकावं लागे, "असा खेळ कधी नव्हताच, बाई. तुझ्या मनाचे खेळ!" दाखवायला पुरावा नाही. तो शेठच्या कुलपात.

पेटारा पुन्हा उघडला. आता खेळाआधी तितर उभा राहून सांगे, "यातली टिटवी खरी नव्हे, मंडळी, जुन्या समजुतीची आहे." लोक तेवढ्यात शेंगा सोलून घेत.

शेठला चैन पडेना. बसला की उठावंसं वाटे, उठला की कुठे जावं कळेना. खेळ काढला तर हरणं रुसणार, ठेवला तर वाळूत अंडी फुटणार. वणव्याच्या खेळाचा दिवस आला. दुपारी टिटवी पुन्हा दारात. या खेपेला ती बसली नाही.

"अंडी घातलीत, शेठ. उद्या म्हशी पाण्यावर जातील."

"मग काय करू? जाळून टाकू सगळं? मोरासकट?"

"जाळू नका. कापू नका. शब्दसुद्धा बदलू नका. फक्त दिवा मागे घ्या."

शेजारी बाहुल्यांना तेल लावत बसलेला वानर ताडकन उठला. सावल्यांच्या धंद्यात याहून मोठी बेअब्रू नव्हती. दिवा नेहमी नाचवणाऱ्याच्या पुढे, पडद्यालगत टांगायचा, म्हणजे त्याची स्वतःची सावली पडत नाही. ज्याची पडली त्याला पुन्हा कुणी बोलावत नसे.

"तुला काय कळतं खेळातलं?" तो टिटवीवर खेकसला.

"पुढे मला बसू देत नाहीत, दादा. जन्मभर पडद्याच्या मागूनच बघत आले."

"शेठ, आजोबांचा खेळ आहे हा. मी तो जसाच्या तसाच करणार."

मुंगूसशेठने वखारीत दोन फेऱ्या मारल्या, अंग खाजवलं. "जसाच्या तसा म्हणतोस ना? मग नाचवणाराही त्यातलाच, गड्या. ने दिवा मागे."

दिवस बुडाल्यावर पडदा उजळला. मोर नाचला, आणि त्याच्या मागे दोन लांब केसाळ हात नाचले. कुरणात चुळबूळ सुरू झाली.

"अरे, दिवा नीट लावा रे!" म्हातारं हरीण ओरडलं.

"बसा हो आजोबा, बघू द्या," मागून कुणी म्हणालं. ससा तणतणत उठून गेला. थोड्या वेळाने परतला आणि उभ्यानेच पाहू लागला.

टिटवी आली. तिचे पाय ज्या मुठीत होते ती मूठ तिच्याहून मोठी होती. 'जळा, जळा' आलं तेव्हा हलला तो मागचा रुंद जबडा. मग वणवा उठला. त्यालाही नाचवायची काठी होती, आणि ती काठी दुसऱ्या मुठीत होती. दोन्ही हात मागे मागे जात एकाच छातीला मिळत होते.

कुणी सवयीने हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

पुढच्या रांगेतल्या थोरल्या म्हशीने पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त गवतात पसरलेले आपले पुढचे खूर तिने हळूच पोटाखाली ओढून घेतले.