बाजेएवढी जागा

“वस्ताद, आता माझं काय राह्यलंय शिकायचं, ते एकदा सांगून टाका,” विश्वंभर म्हणाला.

रुकमोद्दीन वस्ताद बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी बेताने चुना लावला आणि मळणं चालूच ठेवलं.

छत्तीस वर्षं या शेतावरचा ट्रॅक्टर त्यांच्या हाती होता. आता गुडघे क्लच दाबू देत नव्हते. सोमवारपासून चावी कुणाकडे द्यायची, ते मालकांनी त्यांच्यावरच सोडलं होतं. शेजारच्या गावचा एक ड्रायव्हर उद्या भेटायला येणार होता. वस्तादांनी होकार दिला नाही, तर विश्वंभरला परत जिनिंगवर कापसाच्या गठाणी उचलायला जावं लागणार होतं. तिथल्या धुळीचा खोकला अजून त्याच्या छातीत होता.

तरी गडी निर्धास्त होता. दोन वर्षं त्याने वस्तादांवरची नजर काढली नव्हती. ते ज्या हाताने टोपी सावरत, त्याच हाताने हाही सावरायचा. ट्रॅक्टरवरून उतरताना ते “या अल्ला” म्हणत. हा माळकऱ्याच्या घरचा पोरगा, पण उतरताना तोही “या अल्ला” म्हणायचा.

“बांधावरून माणसानं बघितलं ना,” तो म्हणाला, “तर तुमी चालवताय का मी, ते सांगता येणार नाई.”

“बरं,” वस्ताद म्हणाले. “एक फेरी मारून दाखव.”

विश्वंभर चढला आणि नांगर जमिनीत सोडला. काळी माती उलटत गेली. रेघ सुतात होती, बोट ठेवायला जागा नव्हती. वावराच्या मध्यावर आल्यावर त्याने हायड्रोलिकचा दांडा ओढून नांगर वर उचलला, चार पावलं ट्रॅक्टर तसाच नेला आणि नांगर पुन्हा खाली घातला. वस्ताद तिथे नेहमी असंच करत.

त्यामुळे तिथली बाजेएवढी जागा कधीच नांगरली जात नसे. तिच्यावर हरळी माजली होती. गावाला बोलायला विषय झाला होता. कुणी म्हणे खाली पीर आहे, कुणी म्हणे नाग आहे. गेल्या अमावस्येला तर कुणीतरी तिथे नारळ फोडून गेलं होतं. विश्वंभर शिकलेला, तो चहाच्या टपरीवर ठासून सांगायचा की खाली पाइपलाइन आहे.

फेरी पुरी करून तो उतरला, “या अल्ला” म्हणाला आणि समोर येऊन उभा राहिला.

“सरळ गेलास,” वस्ताद म्हणाले. “मधी नांगर कामून उचललास?”

“तुमी उचलता म्हणून.”

“मी कामून उचलतो?”

वस्तादांपुढे विश्वंभरला पाइपलाइन म्हणायची सोय नव्हती.

“दगड असंल,” तो म्हणाला.

“होता. तेरा वर्षं झाली. जेसीबी आणून मीच काढून घेतला. आता पुरुषभर खाली मातीच हाय.”

“मग?”

वस्तादांचं मळणं थांबलं. तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

“माझा धाकटा भाऊ खाजा डबा घेऊन आला होता. बसला मडगार्डवर, गप्पा मारत. फाळ दगडाला लागला, ट्रॅक्टरला हिसका बसला… तो खाली गेला. मागं नांगर होता. तो गेला ते गावाला ठाव हाय, नेमकी जागा नाई.”

…

टपरीवरची आपली पाइपलाइन आठवून विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दरसाल म्हणतो, औंदा उचलायचा नाई,” वस्ताद म्हणाले. “तिथवर गेलं की हात आपला दांड्यावर जातो. मी भेव लागून उचलतो. तू कशापायी उचललास?”

विश्वंभरने खाली पाहिलं.

“दोन वर्षांत एकदा सांगायचं ना, वस्ताद.”

“तू एकदा इचारायचं.”

“इचारलं असतं तर…” तो अडखळला. “तुमाला वाटलं असतं, ह्याला अजून काई येत नाई.”

“हं.”

रस्त्याने एक बैलगाडी गेली, गाडीवानाने रामराम घातला, वस्तादांनी हात वर केला.

“मग चावीचं?” विश्वंभरने शेवटी विचारलं. आवाज आता मघासारखा राहिला नव्हता.

वस्ताद काठीवर भार देऊन उठले. अंग वळवून, वावराकडे पाठ करून ते पुन्हा खाली बसले.

“चढ. तिथंबी नांगर खाली ठेवूनच पार जा,” ते म्हणाले. “मी रस्त्याकडं तोंड करून बसतो… पलीकडं पोचलास की हाक मार.”