बैलाचा शनिवार

खाडीकाठच्या एका गावात, एलोजी नावाच्या यहुदी तेल्याच्या घाण्यावर एक बैल राहत असे. मुलांनो, या तेल्यांना गावात शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यांच्या धर्माची आज्ञाच तशी होती : आठवड्यातून एक दिवस विसावा घ्या, आणि दारच्या जनावरालाही द्या. शुक्रवारी दिवस मावळण्याआधी एलोजी बैलाच्या मानेवरचे जू उतरवी आणि पाठीवर थाप मारून म्हणे, "झालं बाबा, उद्या तू नि मी सारखेच."

बैलाला याचा भारी अभिमान. एका शनिवारी सकाळी एक व्यापारी घाईघाईने आला. "लग्नघर आहे, तेल आत्ता हवं. मागाल ते देतो, पण घाणा लावा." एलोजी हसून म्हणाला, "आज नाही हो शेटजी. उद्या पहाटे पहिलं तेल तुमचं." व्यापारी पाय आपटत गेला आणि इकडे बैलाची छाती फुगली. धनी इतका कडक, मग आपण त्याच्याहून कडक व्हायला नको? त्याने शेपूट हलवणे बंद केले. रवंथही सोडले, कारण तोंड गोल गोल फिरवणे म्हणजे घाणाच फिरवणे, असे त्याला वाटू लागले. इथवर ठीक होते. पोट त्याचे, अंगावरच्या माश्याही त्याच्याच. पण मग स्वारी इतरांकडे वळली. "माती उकरू नका, ती नांगरणी झाली!" तो कोंबड्यांवर ओरडला. कोंबड्या बिचाऱ्या उपाशी बसल्या. शेळीला त्याने बजावले, "तुझं करडू उड्या मारतंय. आवर त्याला!"

करडू कसले ऐकते! त्याने आणखी एक उडी मारली आणि ते वाडीकडेच्या चरात जाऊन पडले. चर खोल होता, कडा चिखलाने बुळबुळीत झाल्या होत्या आणि खाडीला भरती लागली होती. पाणी करडाच्या गुडघ्यांना लागले. शेळी बैलाकडे धावली. "दादा, ती पेंढ्याची गंजी शिंगांनी जरा ढकल ना. पायाखाली पेंढा आला की येईल माझं पोर वर." बैल जागचा हलला नाही. "ढकलणं म्हणजे काम. दिवस मावळू दे, मग बघू." "दिवस मावळेपर्यंत भरती येईल रे!" शेळी रडकुंडीला आली. बैलाने डोळे मिटून घेतले. खरे सांगायचे तर त्यालाही वाईट वाटत होते, पण आपल्या कडकपणापुढे त्याला दुसरे काही सुचेना.

शेळीने मग घराच्या दाराशी जाऊन आकांत मांडला. एलोजी प्रार्थनेहून येऊन पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत बसला होता. त्याने चराकडे एकदा पाहिले आणि बायकोला हाक मारली, "मिलका, गादी आण, उशा आण!" "अहो, कालच अभ्रे धुतलेत!" "अभ्रे पुन्हा धुता येतील गं." मग मिलकाबाईंनीच गादी नि उशा आणून चरातल्या चिखलात टाकल्या. करडू गादीवर चढले, उशीवर चढले आणि टुणकन वर आले. शेळीने त्याला चाटून चाटून कोरडे केले.

बैल मात्र गोंधळून गेला. "सकाळी धन्याने व्यापाऱ्याला परत पाठवलं आणि आता स्वतःच नियम मोडला?"

"मोडला नाही, पाळला," शेळी म्हणाली. "सकाळी त्याचा स्वतःचा फायदा होता, तिथे तो कडक राहिला. इथे माझ्या लेकराचा जीव होता, तिथे तो मऊ झाला. शनिवारसाठी तुझ्या मानेवरचं जू उतरवतात ना? मग तू आमच्या मानेवर का ठेवतोस?"

बैलाने मान खाली घातली. तो म्हणाला, "चुकलो गं बाई."

पुढच्या शनिवारीही बैलाने शेपूट हलवली नाही. त्याची हौस! पण कोंबड्या त्याच्या पेंढ्यात मनसोक्त उकरत होत्या आणि करडू त्याच्या पाठीवर चढून उड्या मारत होते. करडू घसरू नये म्हणून बैल अगदी स्थिर बसला होता, आणि खुशीत रवंथ करत होता.

तात्पर्य : कडकपणा स्वतःसाठी ठेवावा आणि सवलत दुसऱ्याला द्यावी, आणि कोणाचा जीव धोक्यात असेल, तर त्याला वाचवणे हाच नियम समजावा.